चार ठिकाणी, अर्धा अर्धा मिनिट

५ तारीख, सकाळ
ऑपरेशननंतरचा दुसरा दिवस

प्रिय बारके,

अकरा वर्षांनी पाकिटावर माझं अक्षर बघून तू दचकली असशील, म्हणून आधीच सांगून टाकते, मी जिवंत आहे. परवा माझं ऑपरेशन झालं. आतड्याला पीळ पडला होता. वीतभर तुकडा कापून काढला आणि उरलेली दोन टोकं जोडली. आईला झालं होतं तेच. तुला तिचे दाट केस मिळाले आणि मला तिची आतडी. वाटणी करताना कुणी विचारलं असतं तर मीही केसच मागितले असते.

झोपलेय माझ्याच वॉर्डात. सव्वीस वर्षं मी इथे सिस्टर होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, आणि आता त्याच लोखंडी पलंगावर उताणी पडून छतावरचे ओलीचे डाग बघत असते. सगळ्या मुली माझ्या हाताखालच्या. त्यातल्या एकीला मी चिमणी म्हणते, कारण ती चालत नाही, या पलंगावरून त्या पलंगावर टुणटुण जाते. हुशार आहे. मीच तयार केलीय तिला.

सध्या माझं पोट मुकं आहे. आतड्याला हात लागला की ते रुसतं. एक दिवस, दोन दिवस, कधी चार दिवससुद्धा. हालायचं थांबतं, हवा जागच्या जागी कोंडते, पोट ताठ होतं. अशा वेळी वरून खायला घातलं तर खाली जायला वाट नसते, सगळं उलटून येतं, आणि पडल्या पडल्या उलटी झाली तर ती छातीत जाते. म्हणून आधी ऐकायचं असतं. पोटावर स्टेथोस्कोप चार ठिकाणी ठेवायचा, प्रत्येक ठिकाणी अर्धा अर्धा मिनिट. आत गुडगुड सुरू झाली, वारा सरला, की मग पाण्याचे घोट, मग सूप, मग बाकीचं. पलंगाच्या पायथ्याशी एक तक्ता टांगलेला असतो, त्यात तीन चौकोन असतात: आवाज ऐकला, वारा सरला, खायला द्यावं. तो तक्ता मी आखलेला आहे. सगळ्या वॉर्डांनी नंतर तोच उचलला.

हे तुला सांगायचं कारण असं, की आईच्या वेळी तुला यातलं काही माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी तू तिला सूप भरवलंस आणि पुढचं सगळं झालं. पण तू ते मुद्दाम केलं नव्हतंस, हे मी काकांना तेव्हाही म्हटलं होतं. आता आपली वयं झाली. मी मनात काही ठेवलेलं नाही. मी तुला माफ केलंय, एवढं लिहायला हे पत्र.

वॉर्डातल्या मावशी पेटीत टाकतील.

तुझी
ताई


६ तारीख, संध्याकाळ
तिसरा दिवस

प्रिय बारके,

आज मला चालवलं. आमच्याकडे एक व्यायामवाले आहेत, शांत आवाजात माणसाला छळतात. पोटावर उशी दाबून धरायची, एका हातात सलाइनचा दांडा, आणि लांबलचक व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन परत. दिवसातून चार वेळा. चाललं की आतडं जागं होतं, हे मीच हजार पेशंटना ऐकवलंय. तेव्हा कळलं नव्हतं की टाके असलेल्या पोटानं पहिलं पाऊल टाकताना माणूस मला किती शिव्या देत असेल.

वर त्यांनी मला च्युइंगगम दिलं. हसू नकोस. जेवणाच्या वेळी चघळत बसायचं, गिळायचं नाही. तोंड हलतंय म्हणजे घास येतोय, असं वाटून आतडं कामाला लागतं. म्हणजे आतड्यालाही थाप मारावी लागते. साठीची बाई, मागून उघडा झगा, आणि नाक्यावरच्या टवाळासारखी रवंथ करत फिरतेय. आरशात पाहिलं आणि टाके विसरून हसले, मग अर्धा तास कळवळत होते.

पोट मुकंच आहे.

आता एक गोष्ट सांगते, ती डॉक्टरांना सांगितलेली नाही. दुपारी दोन ते तीन वॉर्डात विश्रांती असते. भेटायला आलेल्यांना बाहेर काढतात, पडदे ओढतात. मी डोळे मिटून पडले होते. झोपले नव्हते. पोटावर काहीतरी टेकलं. वाटलं, चिमणी ऐकायला आली. पण स्टेथो गार असतो, आणि हे गरम होतं. जडही होतं, माणसाचं डोकं असतं तितकं. त्या गरम भागात एक बारीक गार टोक होतं, मुगाच्या दाण्याएवढं. अर्धा मिनिट ते तसंच राहिलं. मग उचललं गेलं आणि खाली उजवीकडे टेकलं. मग डावीकडे. मग वर. चारही ठिकाणी ऐकून झाल्यावर गेलं. मी डोळे उघडले तेव्हा पडदा जिथल्या तिथे होता. त्या पडद्याच्या कड्या किती वाजतात ते मला ठाऊक आहे. एकही वाजली नव्हती.

दुखणं मारायच्या औषधानं भास होतात. आतडंही त्यानंच सुस्तावतं. म्हणून मी तो डोस कमी करायला सांगितलाय.

लहानपणी पोट दुखलं की आई काय करायची, आठवतं? फ्रॉक वर करून पोटाला कान लावायची. उजवाच, कारण डावा अधू होता. त्या कानातला खडा गार लागायचा आणि तू खिदळायचीस. मग ती बातमी द्यायची: कुणीतरी कपाट सरकवतंय, कुणीतरी भांडी घासतंय. आणि शेवटी, गाडी निघाली. गाडी निघाली की तू उठून परसाकडे पळायचीस. मी नर्सिंगला लागले आणि चार ठिकाणी ऐकतात म्हणून ऐटीत सांगायला गेले, तर म्हणाली, मला काय शिकवतेस, तुम्हा दोघींची पोटं मी चारच ठिकाणी ऐकली.

ते खडे तुझ्याकडेच आहेत ना? मी दोन्ही तुझ्या हातात दिले होते. सवडीनं एकदा डबी उघडून बघ. उगीच विचारलं.

तुझी
ताई


७ तारीख, संध्याकाळ
चौथा दिवस

बारके,

आज पोट पुढे आलंय. बोटानं टिचकी मारली तर रिकाम्या डब्यासारखं वाजतं. उचक्या लागतात. सकाळी मोठे डॉक्टर येऊन दाबून गेले आणि म्हणाले, अजून थांबू या. एवढं बोलून शेजारच्या पलंगाकडे वळले. तिथे एक वयस्क बाई आहेत, शाळेत शिकवायच्या, सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणतात. त्यांचंही आतड्याचंच ऑपरेशन. त्यांनाही थांबायलाच सांगितलं.

दुपारी ते पुन्हा आलं. औषधाचा डोस निम्मा केलेला असताना आलं. तसंच गरम, तसंच जड, तोच गार दाणा. आज जास्त जवळून कळलं. कानाची पाळी कळली, गालाचं हाड कळलं. केस माझ्या बरगडीवर पसरले होते आणि त्यांना तेलाचा वास होता, आपल्या घरातल्या तेलाचा. हात उचलून त्या केसांना लावावा असं वाटलं, पण उचलला नाही, कारण हाताला काही लागलं नसतं तर ते मला सोसलं नसतं, आणि लागलं असतं तरीही नसतं. चार ठिकाणी ऐकून झालं. मी वाट बघत होते. आई ऐकल्यावर सांगायची. आज काहीच सांगितलं नाही.

खरी गोष्ट पुढे आहे. तीन वाजता पडदे सरकवले तेव्हा मी पायथ्याचा तक्ता उचलून घेतला. दोन वाजताच्या ओळीत, 'आवाज ऐकला'च्या चौकोनात खूण होती. खाली 'खायला द्यावं' मध्येही, उद्या सकाळपासून. दोनच्या पुढे माझ्या पोटाला कुणीही स्टेथो लावलेला नाही. मी जागी होते.

आणि ती खूण माझी आहे. माझी खूण तुला माहीत आहे. वर गेलेली रेघ शेवटी परत खाली वळते, शेपटीसारखी. घरच्या यादीवरसुद्धा मी तशीच करायचे आणि तू चिडवायचीस, ताईनं सगळ्या सामानाला शेपट्या लावल्या. तीच शेपटी. दोन वर्षांत मी या वॉर्डातल्या एकाही तक्त्याला पेन लावलेलं नाही.

कुणाला काही बोलले नाही. बोलणार काय, की माझ्या खुणा माझ्याशिवाय उमटायला लागल्यात? मला वेड्यांच्या वॉर्डात हलवतील.

आईच्या तक्त्यावरही त्या दिवशी सकाळी सातच्या ओळीत खूण होती. ते तू पाहिलं होतंस का, हे मी तुला कधी विचारलं नाही. मी तुला थांब म्हणाले होते. निदान मला तसं आठवतं.

आज इतकंच.

ताई


८ तारीख, दुपार, एक वाजलाय
पाचवा दिवस

बारके,

हे पत्र नीट बसून वाच. एकटी असशील तेव्हा वाच.

सकाळी दहाला सुपाची ट्रॉली आली. ट्रॉली डॉक्टरांना विचारत नाही, तक्ता बघते. ती शिस्त माझीच. माझ्या पुढ्यात वाडगा ठेवला. मी बाजूला सारला. माझ्यावर कोण जबरदस्ती करणार? पण तेवढ्यात शेजारून चमच्याचा आवाज आला. मास्तरीणबाईंची मुलगी वाडगा घेऊन बसली होती. बाई तोंड फिरवत होत्या. मुलगी लाडीगोडी लावत होती, एकच चमचा, माझ्यासाठी एक. बाईंचं पोट चादरीखाली टेकाडासारखं वर आलेलं होतं.

मी म्हटलं, थांब. ती म्हणाली, "सिस्टरनी खूण केलीय. तक्त्यावर आहे."

मी कशी उठले ते मला माहीत नाही. सलाइनचा दांडा ओढत गेले, तिच्या हातातला चमचा धरला आणि सोडला नाही. सूप चादरीवर सांडलं. ती घाबरून बघत राहिली. मी बाईंचा तक्ता उचलला. शेपटीची खूण. त्याच्या पलीकडच्या पलंगाचा उचलला. शेपटीची खूण. मी दांडा ओढत बारा पलंग फिरले, बारके. व्यायामवाल्यांना माझ्याकडून कधी एवढी चाल मिळाली नसेल. बाराच्या बारा तक्त्यांवर माझी खूण होती.

चिमणी धावत आली. मी विचारलं, हे कुणी केलं? ती मुळीच गडबडली नाही. उलट तिला वाटलं मी तिची परीक्षा घेतेय.

"मीच केलं, ताई, काल दुपारच्या शिफ्टला. तुमच्यासारखंच. शिफ्ट लागली की सगळे तक्ते टेबलावर घ्यायचे. आधी खुणा, मग फेरी. तुम्हीच शिकवलंत ना? नाहीतर बारा जणांना वेळ कुठून पुरणार?"

"आणि फेरी?"

"जमेल तशी," म्हणाली.

शेपटी तिनं माझी बघून उचलली होती. हौसेनं. मी आवडते तिला.

मला भूत चाललं असतं. रात्रभर मी त्याचीच तयारी करत होते.

मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी मास्तरीणबाईंच्या पोटाला स्टेथो लावला, चारही ठिकाणी लावला, आणि मान हलवली. नाकातून नळी घातली तर हिरवं पाणी भांडंभर बाहेर आलं. सूप आत गेलं असतं तर संध्याकाळपर्यंत काय झालं असतं, ते तुला मी सांगायला नको. तू ते बघितलंयस.

आता लिहिते.

त्या दिवशी सकाळी सात वाजता मी बारा तक्ते टेबलावर घेतले आणि बारा खुणा केल्या. पाचवा तक्ता आईचा. तिच्या पोटाला मी स्टेथो लावला नाही. आपलीच आहे, नंतर निवांत ऐकू, असं म्हटलं. ते निवांत आलंच नाही. मोठे डॉक्टर त्या दिवशी थिएटरमधून बाहेरच पडले नाहीत. दहा वाजता ट्रॉली आली आणि तू पलंगावरून मला हाक मारलीस. म्हणालीस, "ताई, आई नको म्हणतेय. देऊ का गं?" मी कुणाला तरी सलाइन लावत होते. मान वर न करता म्हटलं, "तक्त्यावर खूण आहे ना? मग दे."

थांब म्हणाले नव्हते. थांब हा शब्द मी दुसऱ्या दिवशी तयार केला. आई गेली होती, बाहेर बाकावर काका बसले होते, बाकी सगळे उभे होते. काकांनी विचारलं, भरवलं कुणी? तू तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "मी हिला थांब म्हटलं होतं. हिनं ऐकलं नाही." तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं आता बोलशील. बोलली नाहीस. नंतर काकांनी तुझ्याशी बोलणं टाकलं, त्यांच्यामागे सगळ्यांनी टाकलं, आणि तू एक बॅग घेऊन गाव सोडलंस. मी तुला सोडायलासुद्धा आले नाही. तुझ्या हातात आईचे खडे दिले, तेही दारात उभं राहून, कारण ते घरात ठेवायची मला भीती वाटत होती.

नोकरी जाईल म्हणून खोटं बोलले, असं मी स्वतःला सांगत आले. नोकरी होतीच. पण मला माझी शान जास्त प्यारी होती. वॉर्डात सगळ्यात चोख सिस्टर कोण, तर मी. मी ती शान राखली, आणि तिच्याबरोबर माझी पद्धत चिमणीला शिकवली. आई गेल्यावरसुद्धा शिकवली. मला स्वतःची किळस येतेय.

दोन वाजायला आले. पडदे ओढतायत. आज मी डोळे मिटणार नाही म्हणत होते, पण मिटणार आहे.

ताई


९ तारीख, सकाळ
सहावा दिवस

बारके,

कालचं पत्र मावशींनी नेलं. ते परत मागावं असं रात्रीपासून चार वेळा वाटलं. म्हणून बरं झालं नेलं ते.

काल दोन वाजता ते आलं. मी डोळे मिटून मोठ्यानं म्हणाले, "आई, मी ऐकलं नव्हतं." माझा आवाज पडद्याला लागून परत आल्यासारखा वाटला. डोकं पहिल्या जागेवर टेकलं. अर्धा मिनिट. दुसऱ्या जागी. तिसऱ्या. चौथ्या जागी टेकलं आणि तिथून उठलंच नाही. मी मनात आकडे म्हणत होते, तीसच्या पुढे गेले, शंभर झाले, तीनशे झाले. इतका वेळ माझं कुणी ऐकलेलं नाही. तो गार दाणा हळूहळू गरम होत गेला आणि मग वेगळा कळेनासा झाला. मला रडू आलं. रडल्यानं पोट हललं, टाके ओढले गेले, तरी ते डोकं हललं नाही. कधी गेलं ते कळलं नाही, माझा डोळा लागला होता.

पाच वाजता चिमणी आली. तिची सकाळची शिफ्ट दोनलाच संपली होती, पण ती घरी गेली नव्हती. डोळे सुजलेले. इन्चार्ज सिस्टरनी तिला चांगलंच फैलावर घेतलं होतं, आणि मी मध्ये पडून सगळं सांगितलं होतं, आईसकट सगळं. मोठे डॉक्टरही उभे होते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ परत घातला नाही. चिमणी म्हणाली, ताई, मी ऐकू? मी म्हटलं, ऐक.

तिनं झगा वर केला आणि थबकली. "हे काय उठलंय?" मी मान उचलून बघितलं. टाक्यांच्या दोन्ही बाजूंना त्वचेत चार खळगे होते. मुगाच्या दाण्याएवढे, गोल. तीन पुसट, चौथा खोल. ती म्हणाली, स्टेथोचा वळ एवढा बारीक नसतो.

तिनं मनगटावरचं घड्याळ समोर धरलं. पहिल्या जागी अर्धा मिनिट, पूर्ण. दुसऱ्या जागी. टुणटुण करणारी ती पोर पुतळ्यासारखी वाकून उभी होती, मला तिच्या डोक्यातला भांग दिसत होता. चौथ्या जागी तिनं डोळे मिटले. मग सरळ झाली. तिचा चेहरा कसा झाला होता ते मला लिहिता येत नाही.

"गाडी निघाली," ती म्हणाली.

हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. कुणालाच सांगितलेलं नाही, ते आपल्या तिघींचं होतं. मी विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? ती गोंधळली. म्हणाली, काय ताई? मी म्हटलं, आत्ता म्हणालीस ते. ती म्हणाली, मी म्हणाले, आवाज आलाय. दुसरं काय म्हणणार?

पलीकडून मास्तरीणबाईंची मुलगी बघत होती. नंतर मी तिला विचारलं. तिलाही गाडीच ऐकू आली होती. तिला वाटलं ही आम्हा सिस्टर लोकांची भाषा असेल.

त्यानंतर तासाभरात वारा सरला. कसा, ते विचारू नकोस. व्हरांड्यात चालताना, व्यायामवाल्यांच्या देखत, च्युइंगगम तोंडात असताना. अख्ख्या वॉर्डानं टाळ्या वाजवल्या. आयुष्यभर माणसं ज्यासाठी तोंड लपवतात त्याला टाळ्या मिळणारी जगात ही एकच जागा. मीही हसले, आणि हसता हसता तू आठवलीस. तू असतीस तर खिदळून खाली बसली असतीस.

आज सकाळी दोन घोट पाणी घेतलं. राहिलं. मास्तरीणबाईंचं पोट उतरतंय. त्यांची मुलगी त्यांचा हात धरून बसलेली असते. मला त्या दोघींकडे बघवत नाही आणि नजर काढवतही नाही.

ताई


१४ तारीख, दुपार
घरून

बारके,

काल घरी सोडलं. पाणी, सूप, मऊ भात, असं करत करत पोट सुरळीत झालं. दिवसातून चार वेळा जिन्यापर्यंत चालते. च्युइंगगमची सवय लागलीय, ती आता सुटायची नाही.

तुझं उत्तर आलेलं नाही. येईल अशा बेतानं मी लिहिलेलंही नाही. तरी सांगते, पहिल्या पत्रात मी तुला माफ केल्याचं एक वाक्य आहे. ते पत्र ठेवलं असलंस तर त्या वाक्यावर रेघ मार. जोरात मार, कागद फाटला तरी चालेल.

सोबत एक घडी केलेला कागद आहे. तो आईचा तक्ता. त्या रात्री मी तो फाइलमधून काढून घरी आणला होता. जाळायचा म्हणून आणला होता, पण जाळता आला नाही. अकरा वर्षं चादरींच्या खाली होता. तिसऱ्या दिवसाच्या सातच्या ओळीत माझी शेपटी आहे, त्यापुढच्या ओळी कोऱ्या आहेत. तो तुझा आहे. कुणाला दाखवायचा तर दाखव. हॉस्पिटलात मी सगळं लिहून दिलंय आणि त्यांनी ते नोंदवून घेतलंय. काकांना वेगळं पत्र टाकलंय. त्यांना आता दिसत नाही, सून वाचून दाखवेल, म्हणजे घरातल्या सगळ्यांना एकदमच कळेल. तसंच व्हावं म्हणून जाड अक्षरात लिहिलंय.

वॉर्डात आता तक्ते टेबलावर न्यायला बंदी आहे. खूण पलंगापाशीच करायची, ऐकल्यावर. चिमणीनं आपली खूण बदललीय, साधी रेघ मारते. मला त्याचं वाईट वाटेल असं वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही.

ते डोकं ८ तारखेनंतर आलं नाही. घरी आल्यापासून मी दोन वाजता पडून राहते, झोपत नाही, झगा जरा वर घेऊन ठेवते. काही येत नाही. माझ्याकडचं तिचं ऐकून झालं असावं. मग ती कुठे गेली, याचा विचार करते आणि तुझ्या घराचा विचार मनात येतो, जे मी कधी पाहिलेलं नाही. तुझ्याकडे आली तर घाबरू नकोस. हलू नकोस. डोळे मिटून पडून राहा आणि तिला पूर्ण ऐकू दे. अकरा वर्षं तू जे पोटात ठेवलंस, ते माझ्यापेक्षा जास्त आहे, तिला वेळ लागेल.

मी माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तुझ्यावर आता आणखी काही टाकायचं नाही. मी फक्त जे झालं ते तुला सांगितलं. तू ते ऐकलंस की नाही, एवढंच मला हवंय. खाली एक चौकोन आखलाय, पट्टी घेऊन, जुन्या सवयीनं. पत्रं पुन्हा सगळी वाच. घाई करू नकोस. आधी खूण करू नकोस. ऐकलं असं खरंच वाटलं, तर त्यात खूण कर आणि कागद परत पाठव. नाही वाटलं, तर रिकामा ठेव. रिकामा चौकोन खोटा नसतो, हे मला फार उशिरा कळलं.

तुझी
ताई

आवाज ऐकला □

ता. क. मी पाकीट चिकटवतेय तेव्हा हा चौकोन रिकामा आहे. दोनदा बघून खात्री केली. तुझ्या हातात पडेल तेव्हा त्यात खूण असेल, तर ती माझी नाही.